कर्मचारी ‘सिस्टिम चालत नाही’ म्हणतात तेव्हा

प्रश्न एका तरुण नायब तहसीलदार बाईंचा आहे. थोडक्यात असा: “सात महिन्यांपूर्वी रुजू झाले. कार्यालय पेपरलेस करायची जबाबदारी माझ्याकडे आहे. ई-ऑफिस सुरू आहे, पण प्रत्येक काम दोनदा होतं. तलाठी सर्व्हरचं कारण सांगतात. प्रलंबित फेरफारांचा, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींचा, तक्ता दर सोमवारी लाल असतो आणि बैठकीत मला ऐकून घ्यावं लागतं. जुन्या लोकांचा विरोध मोडायचा कसा? प्रशिक्षण घ्यायचं की नोटिसा काढायच्या?”

मी 1991 साली कारकून म्हणून महसुलात आलो आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. ई-फेरफारच्या धामधुमीत मी तुमच्याच खुर्चीत होतो आणि हाच प्रश्न मीही वरिष्ठांना विचारला होता. उत्तर मिळालं, “नोटिसा काढा.” काढल्या. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

आधी ‘विरोध’ या शब्दाबद्दल. तुमच्या कार्यालयातला जो अव्वल कारकून ई-ऑफिस उघडताना कपाळाला हात लावतो, तोच दुपारी मोबाईलवरून लाइट बिल भरतो आणि संध्याकाळी नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्याला यंत्राची भीती वाटत नाही. त्याला दप्तरात काय दडलंय ते माहीत असतं, आणि मशीनवर चढवलं की त्यावर शेवटची सही आपली असणार हेही माहीत असतं. ‘सिस्टिम चालत नाही’ या वाक्यात निम्म्या वेळा सर्व्हर खरंच बसलेला असतो. उरलेल्या वेळी त्याचा अर्थ असतो, ‘साहेब, हे जसं आहे तसं चढवलं तर कोणाचं तरी वाटोळं होईल, आणि ते सांगायची ही जागा नाही.’

सातबाऱ्याचंच घ्या. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. हस्तलिखित होते तेव्हा त्यांचं पहिलं टंकन बाहेरच्या ऑपरेटरांनी केलं. बसवलेली माणसं टायपिंगमध्ये पटाईत, पण ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता हे त्यांना कोण सांगणार? त्यात तलाठ्याच्या हस्तलिखितात एक गोष्ट असायची जिचा कुठल्याही नियमावलीत नीट गौरव झालेला नाही: पेन्सिल. फेरफार धरला की सातबाऱ्यावर नोंद पेन्सिलने घ्यायची, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली की शाईने. म्हणजे पेन्सिल म्हणजे ‘अजून ठरायचं आहे’. पण भाऊसाहेब लोक (गावात तलाठ्याला हेच म्हणतात) पेन्सिलचा वापर त्याहून बराच पुढे नेत. तोंडी समजुती, सामाईक विहिरी, ‘हा मुंबईला असतो, भाऊ कसतो’, असं सगळं समासात बारीक अक्षरात. टंकन करताना ऑपरेटरने काही ठिकाणी पेन्सिल सोडून दिली, काही ठिकाणी शाई समजून टाइप केली. दोन्ही घातक. (2020 साली सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ उताऱ्यावर आली. मला विचाराल तर ती ओळ म्हणजे पेन्सिलचं उशिरा झालेलं पुनर्वसन.)

2017 मध्ये चावडी वाचन झालं. गावोगावी देवळात, शाळेत बसून संगणकीकृत सातबारे मोठ्याने वाचायचे, हरकती घ्यायच्या आणि मग ‘रि-एडिट’ या संगणकातल्या दुरुस्तीच्या सोयीत दुरुस्त्या करायच्या. कल्पना उत्तम. माझ्या मते या साऱ्या प्रकल्पातली सर्वांत शहाणी गोष्ट तीच, कारण तिच्यात मशीनपुढे गाव बसवलं होतं. पण अंमलबजावणी तारखांवर चालली. मशीनमधून विसंगत सातबाऱ्यांचे अहवाल निघत, आम्ही त्यांना ओडीसी म्हणायचो. पहिला अहवाल क्षेत्राच्या मेळाचा: गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही असे गट. मेळ नाही तर डिजिटल सही नाही. आणि वरून एकच शब्द यायचा, ‘निरंक’, म्हणजे यादीत एकही गट उरता कामा नये. अमुक तारखेपर्यंत अहवाल एक निरंक करा.

माझ्या तालुक्यात एक म्हातारे तलाठी होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्यांच्या सज्जात, म्हणजे त्यांच्याकडच्या गावांत, सव्वाशेच्या वर गट जुळत नव्हते आणि हे गृहस्थ आठवड्याला चार-पाच गट सोडवायचे. मी त्यांना नोटीस काढली. उत्तरात त्यांनी एका ओळीत लिहिलं, “प्रत्येक गटाचा इतिहास पाहत आहे.” मला तो उद्धटपणा वाटला. मी एक चुणचुणीत तलाठी आणि एक ऑपरेटर त्यांच्या मदतीला दिला आणि दहा दिवसांत सज्जा निरंक झाला. बैठकीत माझं कौतुकही झालं.

त्यातला एक गट 2 हेक्टर 84 आरचा होता. तीन भाऊ: 1.20, 0.85 आणि 0.75. बेरीज 2.80. चार आर, म्हणजे जवळपास चार गुंठे, कुठेच नाहीत. माझ्या मदतनीसांनी रात्री साडेअकराला ते चार आर थोरल्याच्या नावे जोडले. का, तर त्याचं नाव यादीत पहिलं होतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती म्हणून आदेश तयार झाला. त्या दिवशी असे पंचवीस-तीस आदेश माझ्या टेबलावरून तहसीलदारांकडे गेले. मी एकही उघडून वाचला नाही.

दोन वर्षांनी थोरल्याच्या मुलाने विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर काटेरी तार ओढली. धाकट्यांनी विचारलं तर त्याने डिजिटल सहीचा सातबारा दाखवला. चार आर म्हणजे विहीर आणि वाट. वाटणीत तिघांनी सामाईक ठेवलेली, समासात पेन्सिलने लिहिलेली, आणि टंकनात गळालेली. प्रकरण प्रांतांकडे अपिलात गेलं. शेवटी अभिलेख कक्षातून 1983 च्या वाटणीचा मूळ फेरफार निघाला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं: विहीर व वाट तिघांत सामाईक. निकाल धाकट्यांच्या बाजूने लागायला तीन वर्षं गेली. एका उन्हाळ्यात त्यांची मोसंबी जळाली. हा फेरफार शोधायला म्हातारे भाऊसाहेब तीन वेळा अभिलेख कक्षात जाऊन आले होते. मी नोटीस काढली त्याच आठवड्यात.

म्हणून सांगतो. कागदाचा एक गुण असतो, तो न ठरलेलं पोटात घालून घेतो. मशीनला रकाना भरून लागतो. कुठलंही कार्यालय संगणकावर नेताना वर्षानुवर्षं न ठरवता ठेवलेल्या हजार गोष्टी एका झटक्यात ठरवाव्या लागतात. त्या कोण ठरवणार, कोणत्या अधिकारात, किती वेळात, याचं उत्तर आधी हातात नसेल तर त्या रात्री साडेअकराला ऑपरेटर ठरवतो. तुमचे ‘विरोध करणारे’ लोक बहुतेक हेच सांगत असतात. त्यांच्याकडे चाचणीचा अहवाल समजून बघा, फुकट मिळतोय.

आता तुम्ही करायचं काय.

तालुक्यात सर्वांत मागे असलेला सज्जा निवडा आणि त्या तलाठ्याबरोबर एक पूर्ण दिवस बसा. (आता ते ग्राम महसूल अधिकारी झालेत, पण माझ्या जिभेला तलाठीच येतं.) प्रशिक्षण वगैरे नको. त्याचा सगळ्यात नासका गट त्याच्याकडूनच मागून घ्या आणि तो तुमच्यासमोर शेवटपर्यंत सोडवायला लावा. कुठे नेट गेलं, कुठे जुना फेरफार सापडला नाही, कुठे मशीनमध्ये पर्यायच नव्हता, आणि कुठे माणूस खरंच टाळाटाळ करतोय, हे चार वेगवेगळे आजार आहेत. तक्त्यावर चौघांचा रंग लालच दिसतो. मी नोटीस काढण्याआधी हा एक दिवस काढला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

मग गुंत्याच्या वाटण्या करा. निव्वळ टायपिंगची चूक, म्हणजे हस्तलिखितात ‘सखाराम’ आणि मशीनमध्ये ‘सखारम’, ती 155 मध्ये बसते, रोज वीस निघू द्या. पण ज्यात कोणाचा तरी हक्क एक आरानेही इकडेतिकडे होतो, तो लेखनप्रमाद नव्हे. त्यात संबंधितांना नोटीस, सुनावणी, जुना फेरफार, गरज पडली तर मोजणी. असे गट वेगळ्या यादीत काढा आणि वरिष्ठांना लेखी कळवा की हे या तारखेपर्यंत होणार नाहीत. एवढं एक पत्र लिहायची छाती तुमच्यात हवी. बैठकीत दहा मिनिटं बोलणी खाल, खा.

डिजिटल सहीबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला, घरबसल्या, ही साधी सोय नव्हे. तलाठी सज्जावर कधी भेटेल या चिंतेत मोटारसायकलचं पेट्रोल जाळणारी पिढी मी पाहिलेली आहे. पण ती सही एवढंच सांगते की हा उतारा मशीनमधल्या माहितीप्रमाणे आहे, मध्ये कोणी खाडाखोड केलेली नाही. मशीनमधली माहिती खरी आहे असं ती म्हणत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये शासनाला ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढावी लागली ती याचमुळे: सही डिजिटल, खातेदार मात्र कधीचा वारलेला आणि वारस नोंद झालेलीच नाही.

आणि त्या सहीचं डोंगल, म्हणजे संगणकाला लावून सही उमटवायचं छोटं यंत्र. पिन चिकटपट्टीवर लिहून डोंगललाच लावलेली मी पाहिली आहे. साहेब दौऱ्यावर, डोंगल कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये, आदेश निघतायत. ते डोंगल म्हणजे तुमचा अंगठा आहे, पर्समध्ये ठेवा.

लाल तक्त्याकडे येऊ. फेरफाराची वाट तुम्हाला माहीत आहे, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की ती माहिती आता थेट तलाठ्याच्या लॉगिनला येते. पूर्वी पक्षकार स्वतः इंडेक्स टू, म्हणजे खताच्या नोंदणीचा गोषवारा, घेऊन फिरायचा, तो फेरा संपला. मग हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस, 15 दिवस हरकतीसाठी, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. ते 15 दिवस कायद्याचे आहेत, कितीही वेगवान सर्व्हर आणला तरी ते कमी होणार नाहीत आणि होऊही नयेत. अडकतं कुठे, तर नोटीस बजावण्यात. खातेदार सात, त्यातले दोघे मुंबईला, एक बहीण कर्नाटकात, एक मयत. पोस्टाची पोच येत नाही, फेरफार लोंबकळतो, तक्ता लाल. यावर सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण काय करणार? माझ्याकडे सुटका झाली ती कोतवाल आणि पोस्टमन यांच्यामुळे. दर बुधवारी न बजावलेल्या नोटिसांची यादी पोस्ट कार्यालयात नेऊन समोरासमोर ताळा घ्यायला लावला आणि दोन महिन्यांत ढीग निम्म्यावर आला.

तक्ता हिरवा करण्याची दुसरी एक युक्तीही आहे, ती तुम्हाला कोणीतरी शिकवेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला आणि सेवांना मुदती लागल्या. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्जाला ‘त्रुटी’ काढायची: रेशनकार्डाची झेरॉक्स अस्पष्ट. अर्ज परत, घड्याळ थांबलं, तक्ता हिरवा. अर्जदार पुन्हा सेतूत, पुन्हा पैसे. म्हणून मी प्रलंबिततेपेक्षा एक साधा आकडा हाताने काढायचो: मंजूर झालेल्या अर्जांपैकी किती पहिल्याच फेरीत झाले. हा आकडा कुठल्याही डॅशबोर्डवर नव्हता. तो विचारायला लागलो त्या महिन्यात त्रुटी अचानक पहिल्या दोन दिवसांत निघायला लागल्या.

ई-ऑफिसचं दुहेरी काम. दृश्य सगळीकडे सारखंच आहे: आवक कागद स्कॅन, टिपणी ऑनलाइन, मग ‘साहेबांना वाचायला’ तिचीच प्रिंट, साहेबांची त्यावर पेनाने सही, ती प्रिंट पुन्हा स्कॅन करून अपलोड. यात कारकुनाला दोष देऊ नका. प्रिंट कोण मागतो ते बघा. बहुतेक वेळा तुमच्या वरची खुर्ची मागते. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा एक विषय घ्या, समजा रजा आणि प्रवास भत्ता, आणि तेवढ्यापुरता कागद पूर्ण बंद करा. त्या विषयाची हार्ड कॉपी फिरवणाऱ्याला ती परत. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या की माणूस जुनीच धरतो. कर्नाटकने ‘भूमी’ प्रकल्पात संगणकीय उतारा सुरू केला आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यताच काढून घेतली, तेव्हा कुठे गाडं हललं. आपल्याकडेही तालुक्याचं काम पूर्ण झाल्याचं घोषणापत्र तहसीलदाराने दिल्यावर हस्तलिखित बंद झाले. फक्त बंद करायची तारीख माहिती शुद्ध झाल्यानंतरची हवी. माझ्या चार आरांच्या बाबतीत क्रम उलटा झाला.

आणि स्कॅनिंगच्या आधी दप्तर लावा, बाई. गठ्ठ्यात काय आहे हे माहीत नसताना गठ्ठा स्कॅन केला तर संगणकात गठ्ठाच जातो. अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात कार्यालयाची जी रचना लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. त्यात संगणकाचा मागमूस नव्हता. कागदांचं अ, ब, क, ड वर्गीकरण, कोणता किती वर्षं ठेवायचा, कोणता नष्ट करायचा. टेबलावरचे कागद सहा प्रकारांत लावायची ‘सहा गठ्ठे’ पद्धत तुम्हाला प्रशिक्षणात शिकवली असेल आणि तुम्ही ती विसरलाही असाल. माझा अनुभव असा, की ज्या टेबलावर सहा गठ्ठे लागलेले होते त्या टेबलाचं ई-ऑफिस पंधरवड्यात सुरळीत झालं, आणि जिथे खुर्चीखाली पोती होती तिथे दोन वर्षांनीही झालं नाही.

एक उदाहरण महसुलाच्या थोडं बाहेरचं, पण दोन्ही वेळा आम्ही त्यात गळ्यापर्यंत होतो. 2017 च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता, नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, आणि बँकांनी 66 रकान्यांत माहिती भरायची. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत केंद्रांपुढे रांगा. खरं तर कर्ज कोणाला किती आहे हे बँकेला माहीतच होतं, तरी ते शेतकऱ्यालाही विचारलं, आणि मग दोन माहित्या जुळेनात. ग्रीन लिस्ट, यलो लिस्ट, तालुका समित्या, हेलपाटे. पुढची योजना 2019 च्या डिसेंबरात जाहीर झाली. त्यात शेतकऱ्याकडून अर्जच घेतला नाही. बँकांच्या माहितीवरून यादी केली, गावात लावली, आणि शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य आहे की नाही एवढं सांगायचं. आधी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मोजक्या गावांत करून पाहिलं, मग बाकी. यंत्रणा तीच, माणसं तीच, बँकाही त्याच. बदलला तो प्रश्न: सरकारला जे आधीच माहीत आहे ते नागरिकाला पुन्हा विचारायचं का? तुमच्या कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याला कोणकोणते कागद लागतात ते एकदा मोजा. त्यातले किती तुमच्याच कार्यालयाने दिलेले आहेत तेही मोजा.

ई-पीक पाहणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करू लागला. त्याआधीची पीक पाहणी बऱ्याच ठिकाणी चावडीत बसून व्हायची हे आपण मान्य करू. गेल्या वर्षीचा ऊस याही वर्षी ऊस. त्या मानाने ही मोठीच उडी. पण माझ्याकडे एक आजोबा यायचे, साधा बटणांचा फोन, मुलगा पुण्याला. सोयाबीन उभं, सातबाऱ्यावर पेरा कोरा, आणि हमीभाव केंद्रावर नोंद मागतात. पूर्वी ते तलाठ्याकडे जाऊन भांडू शकत होते. आता भांडायचं कोणाशी? अशांसाठी नंतर गावात सहायक नेमले गेले. तुमच्या गावांत तो सहायक खरंच बांधावर जातो का, ते एकदा दुपारच्या उन्हात जाऊन बघा. मुदतीच्या शेवटच्या चार दिवसांत जा, तेव्हा खरं दिसतं.

नोटिसांबद्दल तुम्ही विचारलं होतं. कामचुकार माणसं असतात, एकदोन तुमच्याकडेही असतील आणि त्यांना नोटीस दिलीच पाहिजे. पण वर म्हटलेला तो एक दिवस बसल्यानंतर द्या. तोवर कोणाला द्यायची हे तुम्हाला कळलेलं नसेल. मी ज्याला दिली होती ते भाऊसाहेब निवृत्त होताना त्यांच्या सज्जातल्या शंभरेक गटांच्या टिपणांची एक दोनशेपानी वही माझ्या टेबलावर ठेवून गेले, काही न बोलता. अपिलाच्या सुनावणीत 1983 चा फेरफार कोणत्या गठ्ठ्यात आहे ते त्या वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर सापडलं.